सही करण्याआधी

मैत्रिणींनो, एरवी या सदरात आपण लोणच्याला बुरशी का येते, मुलांचा अभ्यास कसा घ्यावा, बँकेच्या खात्याला वारस कसा लावावा, अशा घरगुती गोष्टी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. पण आहे तोही घरातलाच, कारण तो आपल्या पायांनी चालत माझ्या ओसरीवर आला.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस होते. माझी शाळा अर्धवेळ, त्यामुळे बारापर्यंत मी घरी असते. भात चुलीवर ठेवून जरा टेकते न टेकते, तोच आमची मासळीवाली मावशी दारात. डोक्यावर टोपली नाही, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. म्हटलं, "मावशी, आज मासे नाहीत?" ती काही बोलली नाही. कागद पुढे केला आणि म्हणाली, "बाईनूं, माका वाचूक येता, पण ह्यां काय लिवलां हा तां कळणा नाय."

ती तडीपारीची नोटीस होती. तिच्या मुलाच्या नावाची. सिंधुदुर्ग जिल्हा आणि लगतचे रत्नागिरी व कोल्हापूर, अशा तीन जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी हद्दपार का करू नये, याचा खुलासा द्या, असं त्यात होतं.

आता तुम्हाला खरं ते सांगते. तो मुलगा आमच्या वाडीला तापच आहे. गोव्याच्या बाटल्या आणायच्या, रात्री बंदराकडे बसायचं, मग मारामाऱ्या. माझ्या शेजारणीचं पुढचं दार त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी लाथा मारून फोडलं होतं, कारण तिच्या नवऱ्याने आरडाओरडा बंद करा म्हणून सांगितलं. त्यानंतर बचत गटाच्या बैठकीत आम्ही अर्ज लिहिला. एकोणीस सह्या झाल्या. अर्जाचा मसुदा माझाच, आणि चौथी सहीही माझीच.

"तुमी सही केल्यात तां माका म्हायत आसा," मावशी म्हणाली. "तरी पन तुमच्याकडेच इलंय. माझो झील देवमाणूस नाय. पन दोन वर्सां तो जातलो खय? आनी घराक कोण बघतलो?"

रापण ओढायला तो जातो, त्याचा वाटा घरात येतो, हे मला माहीत होतं. नवरा समुद्रात गेला त्याला बरीच वर्षं झाली. मी कागद वाचायला घेतला.

चार प्रकरणं लिहिली होती. दोन मारामाऱ्या सहा-सात वर्षांपूर्वीच्या, त्यातल्या एकीत तो सुटलेला. एक दारूचा खटला. एक दार फोडल्याचा, तो अजून चालू आहे. त्याखाली लिहिलं होतं की या इसमाच्या दहशतीमुळे लोक उघडपणे साक्ष द्यायला पुढे येत नाहीत, म्हणून दोन साक्षीदारांचे जबाब गोपनीय घेतले आहेत. साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब'.

'ब'चा जबाब मी मोठ्याने वाचू लागले आणि मध्येच थांबले. तो माझाच होता. अर्जानंतर चौकशीला माणूस आला, तेव्हा घरातून सांगण्यात आलं होतं, उगाच पोलीस-कचेरीत आपलं नाव नको. मी म्हटलं होतं, "बोलते, पण नाव घालू नका." रात्री बाहेर पडायला भीती वाटते, एवढंच मी सांगितलं होतं. कागदावर त्याचं 'परिसरात प्रचंड दहशत' झालं होतं. कुठली रात्र, कुठली जागा, काहीच नव्हतं, कारण मीही ते सांगितलं नव्हतं.

पुढचं मी वाचलं, पण 'ब' मीच, हे त्या दिवशी मावशीला सांगितलं नाही. भात मात्र करपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओरोसला गेलो. तिथे सिंधुदुर्गनगरीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईमाणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पुरुषाला उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर. नोटीस मुलाच्या नावाची, म्हणून त्याच्या उत्पन्नाचा दाखला लागला. (घरबसल्या विचारायचं असेल तर १५१०० या नंबरावर फोन लागतो. हा नंबर रॉकेलच्या, छे, आता गॅसच्या डायरीतच लिहून ठेवा.) तिथल्या वकीलबाईंनी जे समजावलं, ते माझ्या भाषेत तुम्हाला सांगते.

तडीपारी ही शिक्षा नाही. शिक्षा कोर्ट देतं, आणि गुन्हा शाबीत झाल्यावर देतं. तडीपारीचा हुकूम सरकारी अधिकारी काढतो, पुढे काही वाईट घडू नये म्हणून. कायदा १९५१ चा, तेव्हाचा मुंबई पोलीस कायदा, आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याचं ५५ वं कलम टोळ्यांसाठी, ५७ वं काही ठराविक गुन्ह्यांत आधी शिक्षा झालेल्यांसाठी. मावशीच्या मुलाची नोटीस ५६ व्या कलमाखाली होती. शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे, आपल्याकडे जिल्हादंडाधिकारी किंवा प्रांतांकडे असतो. माणसाला तालुक्यातून, जिल्ह्यातून, लगतच्या जिल्ह्यांतूनही घालवता येतं. जास्तीत जास्त दोन वर्षं. परवानगीशिवाय परत आला तर तो निराळा गुन्हा, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद.

५६ व्या कलमात एक अट आहे, आणि ती ऐकून मी खाली मान घातली. त्या माणसाच्या वागण्याने लोकांना धोका आहे, किंवा तो मारहाणीचे, शरीराविरुद्धचे वा मालमत्तेविरुद्धचे गुन्हे करतो आहे, हे तर दिसलं पाहिजेच. त्यातल्या दुसऱ्या प्रकारात आणखी असंही दिसलं पाहिजे, की जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत. म्हणजे बघा, ही सगळी तजवीज आपल्या गप्प बसण्यावर उभी आहे. आपण कोर्टात बोललो तर माणूस रीतसर दोषी ठरेल किंवा सुटेल. आपण बोलत नाही, म्हणून त्याला हद्दीबाहेर काढायचं.

आणि बाहेर तरी कुठे? वकीलबाई हसून म्हणाल्या, "तीन जिल्हे बंद. गोवा दुसरं राज्य, तिथे हा हुकूम चालत नाही." गोव्याच्या बाटल्या आणतो म्हणून ज्याच्यावर आमचा राग, त्याला आम्ही गोव्यातच पाठवत होतो!

मग खुलासा तयार झाला. ५९ व्या कलमाप्रमाणे हुकूम काढण्याआधी आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवावं लागतं आणि बाजू मांडायला पुरेशी संधी द्यावी लागते. वकील नेता येतो, आपले साक्षीदार तपासा असा अर्ज करता येतो. साक्षीदारांची नावं मात्र मागून मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण ते जबाब खरोखर झालेत का, हे वरिष्ठ अधिकाऱ्याने पडताळून पाहिलेलं असावं लागतं.

तरीही हुकूम निघालाच, तर तीस दिवसांत शासनाकडे अपील. आपल्याकडे ते कोकण विभागाच्या आयुक्तांसमोर चालतं. एक गोष्ट विसरू नका: अपील केलं म्हणजे हुकूम आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. त्याच्यावर उच्च न्यायालयात रिट अर्ज. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि आपला जिल्हा त्यात आहे. घाट चढला की पोचलो. आजारपण, लग्नकार्य, कोर्टाची तारीख असेल तर तात्पुरतं परत येण्याची परवानगीही मागता येते.

तुम्ही म्हणाल, असले हुकूम कोर्टात टिकतात का? काही टिकतात, काही नाही. हा कायदाच घटनेविरुद्ध आहे असं म्हणून पूर्वी लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. १९५६ साली न्यायालयाने सांगितलं की समाजाच्या रक्षणासाठी असा अधिकार असू शकतो. पण २८ जानेवारी २०२२ रोजी जालना जिल्ह्यातल्या एका माणसाचा तडीपारीचा हुकूम त्याच न्यायालयाने रद्द केला. निकालात म्हटलं आहे की हा उपाय असाधारण आहे, क्वचितच वापरायचा. भारतात कुठेही फिरण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमाने दिला आहे, त्यावर हा घाला आहे. या हुकमाने माणूस आपल्या घरच्यांबरोबर आपल्याच घरात राहू शकत नाही, त्याची रोजीरोटीही जाऊ शकते. म्हणून जुनीपुराणी प्रकरणं उकरून चालणार नाही. आणि पूर्ण दोन वर्षांसाठी घालवायचं, तर दोनच वर्षं का, याचा विचार केलेला हुकमात दिसला पाहिजे.

हे वाचताना मला मावशीचं वाक्य आठवलं. 'तो जातलो खय, आनी घराक कोण बघतलो?' तिने न्यायालयाचा निकाल वाचलेला नव्हता.

आपल्या भागाला हे सगळं नवं नाही म्हणा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्याआधी आपण रत्नागिरीतच होतो. त्याच रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ पासून मरेपर्यंत ठेवलं. सावरकरांना १९२४ साली तुरुंगातून सोडलं ते जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही या अटीवर, आणि ती अट १९३७ पर्यंत राहिली. हे मोठ्या लोकांचं झालं. गरिबांचं फार वाईट होतं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींनाच जन्माने गुन्हेगार ठरवलं. हजेरी दिल्याशिवाय हालायचं नाही, सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआडची वसाहत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. पण पारध्याचं पाल गावाबाहेर पडलं की अजूनही गाव दाराला कडी घालतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

ज्यांच्या लेकीसुना अमेरिकेत आहेत, त्यांनी आणखी एक प्रकार ऐकला असेल. तिथे लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची नावं सरकारी यादीत असतात, ती कुणालाही पाहता येतात, आणि बऱ्याच ठिकाणी अशा माणसाने शाळेपासून अमुक फुटांच्या आत राहायचं नाही असा नियम असतो. आयोवा राज्याने २००२ साली दोन हजार फुटांचा नियम केला. कॅलिफोर्नियात लोकांनी २००६ साली मत देऊन असाच कायदा आणला. पण सॅन डिएगोमध्ये पॅरोलवर सुटलेल्या अशा लोकांना घरच मिळेना, ते रस्त्यावर आले, आणि रस्त्यावरच्या माणसावर नजर ठेवणं पोलिसांनाच कठीण झालं. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना सरसकट असा नियम तिथे लावणं घटनाबाह्य आहे. एकेकाचं बघून अट घाला. आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी २०१८ साली सुरू झाली, पण ती फक्त पोलिसांना पाहता येते, आणि फुटांचा नियम आपल्याकडे नाही.

इथे मला माझ्या शेजारणीबद्दल सांगायला हवं, नाहीतर हा लेख लबाडीचा होईल. मी मावशीबरोबर ओरोसला गेले हे वाडीत संध्याकाळपर्यंत कळलं. शेजारीण कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "तुझां दार फुटलां नाय गो, म्हणान तुका कायदो सुचता." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. तिची धाकटी मुलगी त्या रात्रीपासून एकटी झोपत नाही. त्या आईला 'घटनेचं १९ वं कलम' सांगून काय उपयोग? श्रावणातल्या शुक्रवारी माझ्याकडे हळदीकुंकवाला दरवर्षी पंधरा-वीस जणी येतात, यंदा सहा आल्या.

पण मी पुन्हा वकीलबाईंना विचारलं, की जिचं दार फुटलं तिच्यासाठी काय? तेही लिहून ठेवते, कारण आपल्यापैकी बहुतेकींना लागेल ते हेच.

पहिलं म्हणजे, अर्ज लिहाल तेव्हा तारीख, वेळ, जागा आणि काय घडलं ते लिहा. 'त्रास देतो', 'दहशत आहे' एवढ्याने काही होत नाही. प्रत ठेवा, पोच घ्या.

दुसरं, खटला चालू असेल आणि तो माणूस जामिनावर असेल, तर साक्षीदारांच्या वाटेला जायचं नाही, वाडीत यायचं नाही, अशी अट जामिनात घालता येते. सरकारी वकिलांना तसं सांगावं लागतं. अट मोडली तर जामीन रद्द करा म्हणून अर्ज करता येतो.

तिसरं, साक्षीची भीती असेल तर संरक्षण मागता येतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती त्यावर निर्णय देते. सुनावणीच्या दिवशी सोबतीला पोलीस, घराजवळ गस्त, अशा गोष्टी त्यात येतात.

चौथं, वारंवार गुन्हे करणाऱ्याकडून दंडाधिकारी चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र घेऊ शकतात. माणूस घरीच राहतो, पण त्याच्या मानेवर कागद असतो.

आणि पाचवं, त्रास देणारा घरातलाच असेल तर तडीपारीची वाट बघू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दंडाधिकारी नवऱ्याला राहत्या घरातून बाहेर राहण्याचा हुकूम देऊ शकतात. घर सोडून जायचं ते नेहमी बाईनेच, असं नाही.

मी हे सगळं शेजारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि कोर्टात माझ्याबरोबर उभी कोण राहणार?" तेव्हा मी तिला सांगितलं की 'ब' मी होते, आणि आता नावानिशी उभी राहीन. दार फुटलं त्या रात्री मी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. हे घरात सांगितलं तेव्हा दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी चहा घेताना "तारखेला मी सोडीन तुला," एवढं ऐकू आलं. संसारात तेवढं पुरतं.

मावशीलाही सांगितलं. ते सर्वांत अवघड गेलं. ती बराच वेळ टोपलीतल्या बांगड्यांवर पाणी मारत राहिली. मग म्हणाली, "खरां असात तां सांगा. जास्त नको, कमी नको."

तडीपारीचा प्रस्ताव पुढे गेला नाही. जुनी प्रकरणं आणि मोघम जबाब एवढ्यावर तो टिकणारा नव्हताच. त्याऐवजी मुलाकडून हमीपत्र घेतलं आहे. तो सुधारला का? रापणीला जातो, रात्री बंदराकडे दिसत नाही. तीन महिन्यांवरून मी काही म्हणणार नाही. त्याने बाटल्या सोडल्या असतील असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो कुठे आहे हे वाडीला माहीत आहे, पोलिसांना माहीत आहे आणि त्याच्या आईलाही माहीत आहे.

सह्यांचे अर्ज आपल्यापैकी बऱ्याचजणी करतो. बैठकीत कागद फिरतो, पुढचीने केली म्हणून मागची करते. मैत्रिणींनो, सही जरूर करा. भीती वाटते म्हणून गप्प बसा असं मी मुळीच म्हणत नाही. फक्त सही करण्याआधी स्वतःला एक विचारा: हेच मी दिवसाढवळ्या, त्याच्या आईच्या देखत सांगू शकेन का? सांगता येत असेल तर तुमच्या सहीत जोर आहे. येत नसेल, तर आधी कशाची भीती आहे ते शोधा, आणि त्यावर इलाज मागा. नाहीतर आपली भीती आपण कुणाच्या तरी घरावर सोडून देतो, आणि त्रास तेवढा दुसऱ्या गावाला पाठवतो. तिथेही कुणाची तरी धाकटी मुलगी एकटी झोपतेच की.

दार फोडल्याच्या खटल्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. शाळेत अर्ध्या दिवसाची रजा मांडून ठेवली आहे. मावशी अजून माशांची टोपली घेऊन दाराशी येते, वाटाही चांगला लावते. पूर्वी पाणी मागून घटकाभर ओसरीवर टेकायची, ती अजून टेकत नाही. मी रोज तांब्या भरून ठेवते.